शाळकरी खेळाडू आणि कुमार-कादंबरी

सुरतेचे नाव निघाले की मराठी माणसाला दोन गोष्टी हटकून आठवतात. एक १६६४ सालची शिवछत्रपतींची स्वारी आणि दुसरी १९०७ च्या डिसेंबरात काँग्रेसच्या मंडपात झालेली फाटाफूट. या दोन घटनांच्या गदारोळात सुरतेची तिसरी कामगिरी झाकून गेली आहे, आणि ती आहे मुलांच्या पुस्तकांची. ‘गांडीव’ हे मुलांचे नियतकालिक याच शहरातून निघे. १९३६ पासून जवळजवळ वीस वर्षे हरिप्रसाद व्यास यांचा बकोर पटेल त्याच्या पानांतून गुजराती बालकांना भेटत राहिला. बकोर पटेल म्हणजे माणसासारखा संसार थाटलेला बोकड. शकरी पटलाणी ही त्याची गृहिणी, तर वाघजीभाई वकील हे त्याचे स्नेही. प्राण्यांच्या मुखवट्याआडून मध्यमवर्गाची अशी प्रेमळ थट्टा फार थोड्यांना साधली असेल.

त्या काळी सुरत आणि पुणे एकाच मुंबई इलाख्यात नांदत होती. ती निराळ्या राज्यांत गेली १ मे १९६० रोजी. तोवर दोन्हीकडच्या शाळांवर एकाच शिक्षणखात्याची देखरेख असे. असे असता, शाळा सुटल्यावर मैदानाकडे धाव घेणारा, संघात निवड होते की नाही या चिंतेने रात्र जागून काढणारा पंधरा वर्षांचा मुलगा या दोन्ही भाषांच्या कुमारवाङ्मयात इतका विरळ का, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

अन्यत्र तो विरळ नाही. टॉमस ह्यूज याने १८५७ मध्ये टॉम ब्राऊनच्या शालेय जीवनाची कादंबरी लिहिली. तीत रग्बीच्या शाळेत पाऊल टाकताच, पहिल्याच दिवशी, टॉम फुटबॉलच्या झोंबाझोंबीत सापडतो आणि अखेरीस तोच क्रिकेटच्या संघाचा कर्णधार होतो. शाळेचे मुख्याध्यापक डॉ. अर्नोल्ड यांना स्वतःला खेळांचे फारसे वेड नव्हते. पण कादंबरीने त्यांना खेळातून चारित्र्य घडविण्याचे आचार्यपद बहाल केले! साम्राज्याचे अधिकारी ज्या शाळांतून घडत, तेथे हे पुस्तक आवडीने वाचले जाई.

अमेरिकेत या वाङ्मयाने निराळे वळण घेतले. तेथील फुटबॉल म्हणजे लंबवर्तुळाकार चेंडू हाती धरून धावण्याचा दांडगा खेळ, आणि गावच्या हायस्कुलाचा संघ म्हणजे साऱ्या गावाची अब्रू. आरंभीच्या कथा विजयाच्या जयघोषाच्याच होत्या. परंतु १९४२ मध्ये जॉन ट्यूनिस याने ‘ऑल-अमेरिकन’ लिहिली. तीत हायस्कुलाच्या संघाला दक्षिणेकडील सामन्याचे निमंत्रण येते. अट एकच, संघातील निग्रो खेळाडूने यायचे नाही. जावे की न जावे? सामन्याच्या निकालापेक्षा हा प्रश्न मोठा ठरतो. पुढे १९८३ मध्ये ख्रिस क्रचर याच्या ‘रनिंग लूज’ या कादंबरीतला मुलगा तर संघच सोडतो, कारण प्रतिपक्षाच्या कृष्णवर्णी खेळाडूला जायबंदी करावे असा प्रशिक्षकाचा रोख असतो. बालवाङ्मयाने एवढे धाडस करावे ही सामान्य गोष्ट नव्हे.

इकडे काय घडत होते? शरीरसाधनेविषयी येथे अनास्था होती असे कोणी म्हणू शकणार नाही. १८९४ मध्ये सुरतेत जन्मलेले अंबुभाई पुराणी आणि त्यांचे बंधू छोटुभाई यांनी गुजरातेत आखाड्यांची चळवळ उभी केली. बडोद्यात प्रोफेसर माणिकराव यांची व्यायामशाळा तरुणांनी गजबजलेली असे. हुतुतूचे नियम १९२३ मध्ये बडोद्याच्याच हिंदविजय जिमखान्याने छापून प्रसिद्ध केले. त्याच नगरीत द. चिं. मुजुमदार यांनी ‘व्यायामज्ञानकोश’ मराठीत सिद्ध केला, तोही एकदोन नव्हे, चांगला दहा खंडांचा! डाव, पेच, मोजमापे, मैदानाच्या आखणीची चित्रे, सारे त्यात आहे. मुलांच्या हाती नियम मुबलक पडले, पण गोष्ट पडली नाही. आखाड्याला राष्ट्रासाठी बळकट देह हवा होता. त्या देहाच्या मालकाच्या मनात काय चालते, याची विचारपूस करायला त्या धामधुमीत सवड झाली नाही.

आणि गोष्टीचे साहित्य तर दाराशी येऊन उभे होते. पालवणकर बाळू हे डावखुरे मंदगती गोलंदाज. पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यावर खेळपट्टीची निगा राखता राखता ते गोलंदाजी शिकले. हिंदूंच्या संघात त्यांना घेतले गेले खरे. मैदानावर चेंडू सर्वांचा एकच, परंतु चहाच्या वेळी या चर्मकार खेळाडूला बाहेर, मातीच्या भांड्यात चहा मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले, तरी कर्णधारपद काही त्यांच्या वाट्याला आले नाही. १९२० मध्ये याच अन्यायावरून त्यांचे बंधू विठ्ठल आणि शिवराम यांनी खेळण्यास नकार दिला. अखेर १९२३ मध्ये विठ्ठल हिंदूंचे कर्णधार झाले आणि संघ विजयी झाला. ट्यूनिसने कल्पनेने रचलेला पेच येथे त्याच्या वीस वर्षे आधी प्रत्यक्ष घडला होता. त्याची कुमार-कादंबरी झाली नाही. झाले ते विठ्ठलांचे स्वतःचे पुस्तक, १९४८ चे ‘माझे क्रीडा-जीवन’.

मराठी कुमारांना खरा चपळ नायक दिला तो भा. रा. भागवतांनी. १९५१ मध्ये ‘बालमित्र’ काढणाऱ्या या लेखकाचा बनेश फेणे फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवन शाळेत येतो, सायकल हाणतो, चोरांचा माग काढतो. ‘फास्टर फेणे टोला हाणतो’ या नावातच क्रिकेटची बॅट आहे. परंतु फेण्याचा खरा खेळ साहसाचा. संघातून वगळले जाणे, घरची गरिबी, हुकलेला गोल ही दुःखे त्याच्या प्रांतातली नव्हेत, आणि त्याबद्दल भागवतांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांनी जे हाती घेतले ते बहारीने पार पाडले.

ती दुःखे मांडली बंगालीत, मोती नंदी यांनी. ते क्रीडापत्रकार होते. १९७० नंतरच्या दशकात त्यांनी ‘स्ट्रायकर’ आणि ‘स्टॉपर’ या फुटबॉलच्या कादंबऱ्या लिहिल्या. पहिलीतला प्रसून गरीब घरातला मुलगा; वडीलही एके काळचे खेळाडू, पण एका सामन्यात गोल हुकला आणि लाच घेतल्याचा कलंक माथी आला. मुलाच्या पायातला चेंडू त्यामुळे नुसता चेंडू उरत नाही. कलकत्त्यात हे लिहिले जावे हे स्वाभाविकच होते. २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानच्या खेळाडूंनी ईस्ट यॉर्कशायर पलटणीला दोन विरुद्ध एक गोलांनी हरविले तेव्हापासून फुटबॉल हा तेथे घराघरांतला विषय झाला होता.

मराठी मुलखात असे शहर नाही काय? आहे, कोल्हापूर! तेथे तालमींनी कुस्तीबरोबर फुटबॉलही आपलासा केला. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावे तालमींची आणि तीच संघांचीही. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठाच्या पेठा लोटतात. शाळेच्या मैदानावर तयार झालेला मुलगा कधी पेठेच्या संघात जातो, तर कधी पलीकडच्या पेठेचा संघ त्याला आपल्याकडे ओढून नेतो. आणि मग ज्या गल्लीत तो वाढला त्याच गल्लीविरुद्ध त्याला गोल मारावा लागतो.