वाढत्या वयातील वाकडा जबडा

मुलाची हनुवटी एका बाजूला कललेली दिसली, की पालकांना तारा बसवण्याची घाई होते. त्याआधी जबडा सरकला आहे की वाकडा वाढला आहे, हे ठरवावे लागते. वरचा जबडा अरुंद असल्यास दात मिटण्यासाठी मूल खालचा जबडा बाजूला सरकवते. वरचा जबडा वेळीच रुंदावल्यास हनुवटी बहुधा मध्यावर येते.

दुसरे कारण अवघड. बालपणी हनुवटीवर पडल्याने कानापुढील सांध्याचे हाड मोडू शकते. हनुवटीची जखम शिवली जाते, आतला अस्थिभंग मात्र राहून जातो. त्या बाजूची वाढ खुंटली, तर हनुवटी तिकडेच वळते. तोंड नीट उघडत असल्यास काढता-घालता येणारे उपकरण वाढीला दिशा देऊ शकते. सांधा जखडला असल्यास आधी शस्त्रक्रिया. उरलेली विषमता सहसा वाढ थांबल्यावर, मुलींत साधारण १६ व मुलग्यांत १८ वर्षांनंतर, शस्त्रक्रियेने सुधारतात. तोवर ठरावीक काळाने मोजमाप करून आराखडा बदलावा लागतो.

इतक्या वर्षांच्या फेऱ्यांसाठी अंतर महत्त्वाचे. अळणावरकरांना धारवाडचे एसडीएम दंत महाविद्यालय जवळचे, गोमंतकीयांना बांबोळीचे गोवा दंत महाविद्यालय. पहिल्या भेटीस मुलाचे जुने फोटो न्यावेत. हनुवटी केव्हापासून कलू लागली, हे त्यांवरून कळते.