हातसडीचा तांदूळ

कोकणातल्या जुन्या घरांत जमिनीत पुरलेलं व्हायन अजून कुठेकुठे दिसतं. त्यात भात ओतायचं, दोघींनी समोरासमोर उभं राहून आळीपाळीने मुसळ घालायचं, मग सुपात पाखडून तूस उडवायचं. निघायचा तो तांदूळ मळकट रंगाचा, अंगावर कोंड्याचा पातळ थर राहिलेला. काम कंबर मोडणारं. गिरणी आल्यावर बायकांना हायसं वाटलं असेल तर नवल नाही.

पण गिरणीने कष्टांबरोबर कोंडाही नेला.

त्याचं मोल कळलं जावा बेटावर. १८९०च्या दशकात डच डॉक्टर क्रिस्तियान आइकमान यांच्या कोंबड्या पांढऱ्याशुभ्र तांदळावर लुळ्या पडल्या आणि कोंड्यासकट तांदूळ मिळताच सावरल्या. माणसांतल्या बेरीबेरीचं कोडं इथून उलगडत गेलं. कोंड्यात होतं ब-१ जीवनसत्त्व. आइकमान यांना १९२९ साली नोबेल मिळालं.

डिसेंबर १९३४ मध्ये गांधीजींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ काढला. वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पांनी हातसडीचा तांदूळ, जात्यावरचं पीठ, घाण्याचं तेल आणि गूळ यांचा नेटाने पुरस्कार केला. मुसळाचे घाव कोणी घालायचे, हा प्रश्न मात्र उरलाच.

आज ‘हातसडीचा’ म्हणून विकला जाणारा तांदूळ बहुधा यंत्रावरच भरडलेला असतो. घेताना दाण्यावर कोंडा आहे ना, एवढं बघून घ्यावं.