यार्ड वाचले, वस्ती गेली

स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँक गावाने आपले नावच मुळी जहाजबांधणीच्या यार्डाकडून घेतले. जे. अँड जी. थॉमसन कंपनीने १८७१ मध्ये क्लाइड नदीकाठच्या शेतजमिनीत यार्ड थाटले, तेव्हा तिथे घरे नव्हती. कामगार बोटीने ये-जा करत. मग कंपनीने दाराशीच चाळवजा इमारती उभ्या केल्या. डांबरी छपराची एकच शेड कँटीन, शाळा आणि चर्च या तिन्ही गरजा भागवी. पुढे सिंगरचा शिलाई यंत्रांचा कारखाना आला, १८९९ मध्ये यार्ड जॉन ब्राउन कंपनीकडे गेले, ‘क्वीन मेरी’ हे जहाज तिथेच बांधले गेले. भोंगा ऐकून निघाले तरी कामावर वेळेत पोचता येईल, अशी गावाची मांडणी होती. माझ्या मते, १९४१ मध्ये हीच मांडणी जीवघेणी ठरली.

१३ आणि १४ मार्चच्या लागोपाठच्या दोन रात्री जर्मन विमानांनी आधी आगीचे आणि मग स्फोटक बॉम्ब टाकले. सुमारे १२,००० घरांपैकी जेमतेम हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी धड राहिली. ५२८ माणसे मेली, सुमारे ३५,००० बेघर झाली. जेलिको स्ट्रीटवरच्या एका इमारतीत एकाच कुटुंबातली १५ माणसे गेली. जॉन ब्राउनच्या यार्डाचे नुकसान मात्र किरकोळ होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथे ‘व्हॅनगार्ड’ या युद्धनौकेची बांधणी सुरू झाली.

यावर कोणी म्हणेल, नेम यार्डांवर आणि गावाजवळच्या तेलाच्या टाक्यांवर होता, घरे ओघाने सापडली. टाक्या पेटल्या हे खरेच. पण सिंगरच्या लाकडाच्या वखारीला लागलेल्या आगीने सारे आभाळ उजळले असताना, कारखान्याच्या भिंतीला खेटून उभ्या घरांना वेगळे कोण काढणार? दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कामगार दूर राहिले असते तर काम कसे चालले असते? १८७१ पुरते हे मान्य. पण हल्ल्यानंतर व्हेल ऑफ लेव्हन, हेलेन्सबर्ग अशा ठिकाणी विखुरलेले कामगार बस-रेल्वेने कामावर येतच राहिले आणि यार्ड चालले. म्हणजे १९४१ पर्यंत दूर राहणे शक्य झाले होते. ते कोणी मनावर घेतले नव्हते, इतकेच. गाव पुन्हा बांधले गेले हेही खरे, पण बाहेर पडलेली कित्येक कुटुंबे परतलीच नाहीत, आणि शेजार विटांनी बांधता येत नाही. ‘यार्ड बंद पडले नाही’ हा युद्धखात्याचा हिशोब झाला. वस्तीच्या हिशोबात क्लाइडबँक त्या दोन रात्रींत हरले होते.