सोनम चौकी : दोनशे तास

फेब्रुवारीत आमच्या गावी, झरीच्या रानात ज्वारीची काढणी असते. २०१६ चा फेब्रुवारी दुष्काळाचा होता. ताटं कमरेला लागत नव्हती आणि कणसं हातात घेतली की पोचट लागायची. संध्याकाळी रानातून आलो की टीव्हीपुढे बसायचो. त्या आठवड्यात बातमी एकच होती, सियाचेनची. बर्फाखाली दहा जवान. आई चुलीपाशी बसून रोज विचारायची, "सापडलं का रं एखादं लेकरू?"

त्या दहांतलं एक लेकरू आपल्या मुलखातलं होतं. सुनील सूर्यवंशी, सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या मस्करवाडीचे. हुद्दा शिपाई, काम नर्सिंग असिस्टंटचं. उंचीवर माणसाचं शरीर तासातासानं कसं हरतं हे ओळखून वेळीच सांगणारा माणूस म्हणजे नर्सिंग असिस्टंट. ३ फेब्रुवारीच्या पहाटे हिमस्खलनात तोही इतरांबरोबर गाडला गेला. म्हणून ही घटना मी तासांच्या हिशोबानं मांडतो आहे.

त्याआधीचे आठवडे

सियाचेनवरची सोनम चौकी १९,६०० फुटांवर, म्हणजे जवळपास ६,००० मीटरवर. झरी साडेतीनशे-चारशे मीटरवर. समुद्रकाठी हवेचा दाब १०० धरला तर झरीत तो ९५ च्या आसपास भरतो आणि सोनमला ४७. हवेत ऑक्सिजनचा वाटा दोन्हीकडे सारखाच, शेकडा २१. पण दाबच निम्मा, त्यामुळे एका श्वासात हाती लागणारा ऑक्सिजनही निम्माच. पाणी तिथं ८० अंशांनाच उकळतं, कुकर नसेल तर डाळ शिजत नाही. कोरोनात बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आपण सगळ्यांनी पाहिलं. आकडा ९० च्या खाली आला की गाडी काढून परभणी गाठायचो. सोनमच्या उंचीवर महिनाभर राहिलेल्या धडधाकट जवानाचा आकडाही ८० च्या आसपास किंवा त्याखाली असतो.

तरी माणूस तिथं टिकतो, कारण शरीर हळूहळू बदलतं. श्वास खोल होतो, मूत्रपिंडं रक्तातला क्षार बाहेर टाकतात, तांबड्या पेशी वाढतात. या बदलांना वेळ द्यावाच लागतो. म्हणून लष्करानं तीन टप्पे ठरवले आहेत : ९ ते १२ हजार फुटांवर ६ दिवस, १२ ते १५ हजारांवर ४ दिवस आणि त्यापुढं आणखी ४ दिवस. हा धडा १९६२ च्या युद्धानं शिकवला. मैदानातले जवान थेट डोंगरावर नेले गेले आणि गोळी न लागताच कित्येकांच्या फुप्फुसात पाणी झालं. अमेरिकेत चार्ल्स ह्यूस्टन यांनी १९६० मध्ये या आजाराची नीट ओळख करून दिली होती. पण उंचीच्या आजारांचा मोठा अभ्यास झाला तो आपल्याकडे. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकारी लष्करी डॉक्टरांनी १,९२५ भारतीय जवानांवरची निरीक्षणं १९६९ मध्ये प्रसिद्ध केली. जगभरचे डॉक्टर आजही त्यांचा आधार घेतात.

चौकीवर हे ज्ञान कुणाच्या हातात असतं? डॉक्टर खाली तळावर. वर असतो नर्सिंग असिस्टंट. रात्री कोण नीट झोपला नाही, कुणी ताट तसंच ठेवलं, कोण एकाएकी चिडचिड करतोय, यावर त्याची नजर असते. कोरडा खोकला सुरू झाला आणि बसल्या जागी दम लागू लागला, तर फुप्फुसात पाणी झिरपतंय. बर्फावर रेघ ओढून टाचेला अंगठा भिडवत चालायला सांगितलं आणि माणूस झोकांडला, तर मेंदूला सूज आहे. अशा वेळी ऑक्सिजन लावायचा, औषध द्यायचं आणि त्याला खाली न्यायचं. खाली नेणं हाच खरा उपाय, बाकी सगळं तिथवर जीव टिकवण्यासाठी.

बुधवार, ३ फेब्रुवारी, पहाट. उरले सुमारे २०० तास

चौकीवर १९ मद्रास बटालियनच्या तुकडीचे दहाजण होते, त्यांच्यातलेच सुभेदार नागेश प्रमुख. चौकीच्या वर सुमारे एक किलोमीटर रुंदीची बर्फाची भिंत होती. ती तुटली. भुसभुशीत बर्फाचा लोट आला असता तर गोष्ट निराळी. इथं दगडासारख्या टणक बर्फाच्या शिळा कोसळल्या आणि चौकी २५ ते ३० फूट खाली गेली.

पहिली १५ मिनिटं

हिमस्खलनात माणूस थंडीनं मरतो असा आपला समज. थंडीची पाळी फार उशिरा येते, आधी श्वास कोंडतो. १९९४ मध्ये फाल्क, ब्रुगर आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये स्वित्झर्लंडमधल्या गाडल्या गेलेल्या लोकांचा हिशोब मांडला. पहिल्या १५ मिनिटांत बाहेर काढलेल्या शंभरांपैकी ९२ जण वाचतात. अट एकच, मार जिव्हारी लागलेला नसावा.

पस्तिसावं मिनिट

आता शंभरात उरतात ३०. नाकातोंडापुढचा बर्फ श्वासाच्या उबेनं वितळतो, पुन्हा गोठतो आणि त्याची काचेसारखी पापडी धरते. आतली हवा जात नाही, बाहेरची येत नाही, सोडलेला कार्बन डायऑक्साइडच पुन्हा आत ओढला जातो. या वेळेपलीकडे जगतो तो ज्याच्या तोंडापुढे पोकळी राहिली आणि त्या पोकळीला कुठूनतरी हवा मिळाली, असाच माणूस.

आल्प्समध्ये गाडलेल्याला काढणारे बहुधा त्याचे सोबतीच असतात, कारण ते शेजारी उभे असतात. सोनमला वाचवणारे आणि गाडलेले एकाच छताखाली होते. पस्तीस मिनिटं उलटली तेव्हा वर कुणीही नव्हतं.

बुधवार, दिवसभर. उरले १९० च्या आसपास

शोध सुरू झाला. इथं शरीरशास्त्र उलटं फिरतं, कारण मदतीला येणाऱ्याचं शरीरही तेच असतं. खालून घाईनं कुणाला १९,६०० फुटांवर आणावं तर तोच आजारी पडायचा. म्हणून ज्यांची शरीरं आधीच उंचीला सरावलेली आहेत तेच हाताशी. निम्म्या ऑक्सिजनवर फावडं मारायचं, तेही टणक निळ्या बर्फात. चार घाव घातले की छाती फुटल्यासारखी होते. हेलिकॉप्टरच्या पात्यालाही विरळ हवेत पकड मिळत नाही, त्यामुळे ओझं थोडंच नेता येतं. बर्फ कापायच्या करवती, खडक फोडायची यंत्रं, रडार, सगळं थोडंथोडं करून वर न्यावं लागलं. दीडशेवर माणसं राबली. डॉट आणि मिशा या दोन कुत्र्यांनी वास घेत जागा दाखवल्या.

गुरुवार, ४ फेब्रुवारी, ते रविवार, ७ फेब्रुवारी

गुरुवारीच लष्करानं सांगितलं की कुणी जिवंत असण्याची शक्यता फारच कमी. पंतप्रधानांनी श्रद्धांजली वाहिली. वर खणणं चालूच राहिलं. रात्री पारा उणे ४० पर्यंत उतरत होता.

खाली एक शरीर आपला हिशोब चालवत होतं. थंडीत शरीर आधी हातापायांचं रक्त आखडून घेतं आणि काळीज, मेंदू, फुप्फुसं यांची ऊब राखतं. ३५ अंशांखाली माणूस थडथडतो. त्यात साखर जळते, यकृतातला साठा संपतो. ३२ अंशांच्या खाली थरथर हळूहळू बंद पडते. पाहणाऱ्याला वाटतं, थंडी कमी झाली. खरं तर शरीरानं हात टेकलेले असतात. २८ अंशांखाली काळीज इतकं नाजूक होतं की साध्या हिसक्यानं त्याची लय मोडते. पण हीच थंडी मेंदूची ऑक्सिजनची भूकही कमी करते. १९९९ मध्ये नॉर्वेत ॲना बोगेनहोल्म ही डॉक्टर तरुणी बर्फाखालच्या ओढ्यात अडकली, शरीर १३.७ अंशांपर्यंत उतरलं, तरी ती बरी होऊन कामावर परतली. म्हणूनच गारठलेल्या माणसाला ऊब देऊन पाहिल्याशिवाय मेला म्हणू नये, असा डॉक्टरांचा दंडक आहे.

सोमवार, ८ फेब्रुवारी, रात्र. उरले सुमारे ६४ तास

सहाव्या दिवशी लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पद सापडले आणि ते जिवंत होते. वय ३३. गाव धारवाड जिल्ह्यातलं बेटदूर. तेरा वर्षांच्या नोकरीतली बहुतेक अवघड मुलखात काढलेली. आमच्या घरी बातमी ऐकली तेव्हा आईनं टीव्हीलाच हात जोडले.

आशेनं लष्करानं जागेवर डॉक्टर ठेवलेच होते. त्यांनी पाहिलं ते असं : शुद्ध होती पण ग्लानीत, भान हरपलेलं, अंगातलं पाणी आटलेलं, शरीर गार, ऑक्सिजन कमी, साखर कमी, रक्तदाब ढासळलेला. रात्रभर त्यांना कोमट सलाईन आणि कोमट, दमट ऑक्सिजन दिला आणि अंग पांघरुणांनी हळूहळू उबवलं. 'हळूहळू' हाच शब्द इथं सगळ्यात मोलाचा. आपण गारठलेल्याला शेकोटीजवळ ओढतो, हातपाय खसाखसा चोळतो. खोल गारठलेल्याला हेच मारतं. त्याला आडवाच ठेवायचं, झटके न देता उचलायचं आणि आधी धडाला ऊब द्यायची.

मंगळवार, ९ फेब्रुवारी. उरले दोन दिवस

सकाळी हेलिकॉप्टरनं थॉइसच्या हवाई तळावर, तिथून हवाई दलाच्या विमानानं दिल्लीला, लष्कराच्या रिसर्च अँड रेफरल रुग्णालयात. आता हवा भरपूर होती, ऊब होती, देशातले उत्तम डॉक्टर उशाशी होते. ना हाड मोडलेलं, ना हिमदंश. आम्हाला झरीत वाटलं, वाचला.

रुग्णालयाचं पत्रक मात्र वेगळं बोलत होतं. रुग्ण बेशुद्ध, व्हेंटिलेटरवर, न्यूमोनिया, यकृत आणि मूत्रपिंडं बिघडलेली. पुढचे २४ ते ४८ तास वादळी असतील, आणि वादळाचं कारण शरीर पुन्हा उबदार होणं, थंड भागात रक्त पुन्हा वाहू लागणं.

हे मला कालव्यावरून कळलं. उन्हाळाभर कोरड्या पडलेल्या कालव्याला पहिलं पाणी सुटतं तेव्हा ते साचलेला गाळ, कुजका पाला, मेलेलं सारं घेऊनच शेतात येतं. सहा दिवस उपाशी राहिलेल्या पेशींत आम्ल साचलं होतं, पोटॅशियम सुटलं होतं. रक्त फिरू लागलं आणि हे सगळं एकदमच काळजाकडे, मूत्रपिंडांकडे निघालं. अशात ऑक्सिजनही पेशींना दुखावतो, आणि रक्त गोठण्याची व्यवस्थाही कोलमडते.

बुधवार, १० फेब्रुवारी. उरला एक दिवस

मेंदूच्या सीटी स्कॅनमध्ये ऑक्सिजन न मिळाल्याच्या खुणा दिसल्या. न्यूमोनिया दोन्ही फुप्फुसांत. एकेक अवयव साथ सोडत होता. एम्सचे तज्ज्ञ मदतीला आले. देशभर देवळांत, मशिदींत, शाळांत प्रार्थना चालल्या होत्या. एका बाईंनी आपलं मूत्रपिंड देऊ केलं.

गुरुवार, ११ फेब्रुवारी, सकाळी ११ वाजून ४५ मिनिटं

हनुमंतप्पा गेले. ज्यांनी त्यांना बर्फातून काढलं आणि ज्यांनी दिल्लीत सांभाळलं, त्यांच्याकडून कशातच कसूर झाली नव्हती. पहिल्या पस्तीस मिनिटांचं देणं दोनशे तासांनी चुकतं करावं लागलं.

नंतर

बाकीचे नऊजण बर्फातच गेले होते. खराब हवामानामुळे त्यांना खाली आणायलाही दिवस लागले. सुनील सूर्यवंशी माणला परतले ते तिरंग्यात. मस्करवाडीही आपल्यासारखीच पावसाची वाट पाहणारी. १९८४ पासून सियाचेनवर साडेआठशेहून अधिक जवान गेले. बहुतेकांना शत्रूच्या गोळीनं नाही, तर हवामानानं आणि उंचीनं मारलं.

बर्फाच्या भिंतीपुढं कुणाचंच ज्ञान चालत नाही. पण उंचीच्या आजाराचे बहुतेक मृत्यू आधी वर्दी देतात, आणि ती वर्दी ऐकायला माणूस लागतो. आपल्याकडून जीपा भरून लोक केदारनाथला जातात. ते ३,५८३ मीटरवर. अमरनाथ ३,८८८ वर. आदल्या रात्री खाली झोपलेला साठीचा माणूस, बीपीची गोळी खिशात, दुसऱ्या दिवशी गौरीकुंडाहून दीड हजार मीटर चढून जातो, नाहीतर हेलिकॉप्टरनं काही मिनिटांत वर उतरतो. लष्कर पंचविशीच्या जवानालाही इतकी घाई करू देत नाही. २०२२ च्या चारधाम यात्रेत शंभराहून अधिक भाविक प्रकृती बिघडून गेले. शक्य असेल तर वाटेत एक-दोन मुक्काम वाढवावेत. ३,००० मीटरच्या वर झोपायची जागा दिवसाला पाचशे मीटरपेक्षा जास्त उंच नेऊ नये. आणि तब्येत बिघडली तर 'दर्शन घेऊनच उतरू' म्हणू नये.

आता झरीतून यात्रेची गाडी निघाली की मी ड्रायव्हरच्या हातात एक चिठ्ठी देतो. रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाला विचारायचे चार प्रश्न : डोकं दुखतंय का? जेवण गेलं का? बसल्या जागी दम लागतोय का? रेघेवर टाचेला अंगठा लावून दहा पावलं चालता येतात का? शेवटच्या दोहोंत कुणी अडखळला तर त्याच घटकेला गाडी खाली वळवायची, रात्र असली तरी. चौकीवरचा नर्सिंग असिस्टंट हेच विचारतो. चिठ्ठीवर वरच्या बाजूला मी मस्करवाडीच्या सुनील सूर्यवंशींचं नाव लिहितो. हे कोण, असं कुणी विचारलं की गाडी सुटायच्या आधी त्याला ही सगळी हकिकत सांगतो.