आळंदची तूर आणि तिचा वसूल

शेतीतील वाढावा हा राष्ट्राच्या अर्थवृद्धीचा पाया होय, असे अर्थशास्त्र सांगते. परंतु त्या पायावरील इमारत कोणाच्या गावी उभी राहिली, हा प्रश्न गुलबर्गा जिल्ह्यातील आळंदसारख्या तालुक्याचा इतिहास वाचताना प्रथम विचारावा लागतो.

कानडी, मराठी आणि उर्दू या तिन्ही भाषा नांदणाऱ्या ह्या काळ्या मातीच्या मुलखात ज्वारी आणि तूर मुबलक पिके. तथापि आळंद हा हैदराबादच्या निजामाच्या राज्यातील पायगा तालुका, म्हणजे दरबारच्या उमराव घराण्यास फौजेच्या खर्चासाठी नेमून दिलेला प्रदेश असल्यामुळे त्याचा वसूल पायग्याच्या खजिन्यात जाई. 1853 साली दिवाण झालेल्या पहिल्या सालारजंगांनी इजाऱ्याची, म्हणजे वसुलीचा मक्ता देण्याची, घातक पद्धत मोडून 1865 च्या सुमारास जिल्हाबंदीची, म्हणजे जिल्हावार कारभाराची, घडी बसविली खरी, पण ती प्रामुख्याने दिवाणी, म्हणजे थेट सरकारी अमलाखालील, मुलखासाठी होती. 1871 साली सोलापूर-रायचूर लोहमार्ग गुलबर्ग्यावरून गेला, 1877 साली सोलापुरात सूतगिरणी निघाली. मार्गापासून दूर पडलेल्या आळंदचा माल मात्र बैलगाडीनेच बाजारी जात राहिला. ज्या रयतेने भांडवल निर्माण केले, तिच्याच शिवारात विहीर, बांध, बियाणे यांसाठी ते परत आले नाही, हे मला या इतिहासातील सर्वांत मोठे अनर्थाचे कारण वाटते.

1949 साली जहागिऱ्या व पायगा खालसा झाल्या, 1950 साली कूळकायदा आला आणि 1956 साली गुलबर्गा जिल्हा म्हैसूर (आजच्या कर्नाटक) राज्यात गेला. जमिनीचा हक्क मिळाला, परंतु पीक टिकविण्याचे ज्ञान मागाहून आले. तुरीला ग्रासणाऱ्या मर रोगाची बुरशी मातीतच वर्षानुवर्षे टिकून राहते व ऐन फुलोऱ्यात उभी झाडे वाळवून टाकते, त्यामुळे शेतकऱ्याची साऱ्या वर्षाची कमाई एका पंधरवड्यात जाई. 1972 साली हैदराबादजवळील पाटणचेरू येथे स्थापन झालेल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेने निवडलेला आयसीपी 8863 हा मरप्रतिकारक वाण 1986 साली कर्नाटकात ‘मारुती’ या नावाने प्रसृत झाला, आणि कोरडवाहू शेतकऱ्याला आपल्या जमिनीवर पुन्हा विसंबता आले. धरणाच्या पाण्याइतकेच असे एक बियाणेही मुलखाचे नशीब बदलू शकते, याची आपल्या नियोजनकारांनी पुरेशी दखल घेतलेली नाही.

2019 साली गुलबर्ग्याच्या तूरडाळीस भौगोलिक मानांकन मिळाले. त्या नावलौकिकाचा मोबदला आळंदच्या कास्तकाराच्या पदरी पडावयाचा असेल, तर दालमिल, गोदामे आणि अल्प व्याजाचे कर्ज ही तालुक्याच्या ठिकाणीच मिळाली पाहिजेत. नाहीतर पूर्वी पायग्याच्या खजिन्यात जाणारा वाढावा आता दूरच्या पेठेत जाईल.