चित्तेखान्यातला मुका माज

सरकारी नोकरीची एकतीस वर्षं मी गमबूट घालून दुसऱ्यांच्या गोठ्यात काढली. पशुवैद्यक म्हणून करवीर, पन्हाळा, शाहूवाडी असे तालुके फिरलो, पण पहाटे दारात येणारं गाऱ्हाणं सगळीकडं एकच. "डॉक्टर, म्हस परत उलटली की वो." उलटली म्हणजे रेतन करूनही गाभ राहिला नाही. त्याहून अवघड मुका माज. म्हैस माजावर आलेली असते, पण ना ओरडते, ना वैरण सोडते. मालकाला कळेपर्यंत वेळ टळलेली असते आणि पुढचे एकवीस दिवस फुकट जातात. हा धंदा अंगात मुरल्यामुळं असेल, पण कोल्हापूर संस्थानच्या चित्त्यांबद्दल वाचायला लागलो तेव्हा मला शिकारीच्या थरारापेक्षा भलताच प्रश्न पडला. दरबारात इतकी वर्षं नर-मादी चित्ते बाळगले होते, मग त्यांची पिल्लं कुठं गेली?

चित्ते माझ्या आजोबांनी पाहिलेले. लहानपणी पेठेत उभं राहून. डोळ्यांवर कातड्याची टोपी, कमरेला पट्टा, दोन्ही बाजूंना दोरी धरलेले चित्तेवान. जनावर माणसाळावं म्हणून त्याला मुद्दाम गर्दीतून फिरवत. आजोबा सांगायचे, कुत्री भुंकायची, पण चित्ता मान वळवायचा नाही. चित्तेवान त्याच्याशेजारीच खाट टाकून झोपायचा, इतकी दोघांची सवय.

राजर्षी शाहू महाराजांना शिकारीचा नाद होता हे कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. भावनगरचे भावसिंहजी हे त्यांचे शिक्षणाच्या दिवसांतले मित्र. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि पुढं धारवाडला फ्रेझरसाहेबांच्या हाताखाली दोघं बरोबर शिकले. पुढं ह्याच दोन संस्थानांची नावं चित्त्यांच्या इतिहासात शेजारी शेजारी येतात. शाहू महाराज 1922 साली गेले. त्यांच्यामागं राजाराम महाराजांनी चित्त्याची शिकार चालू ठेवली.

शिकारीची रीत ठरलेली होती. गाडीवर चित्ता बसवून काळविटांच्या कळपाजवळ जायचं, टोपी काढायची, नर हेरला की पट्टा सोडायचा. पळापळ मिनिटभराचीसुद्धा नसे. चित्त्यानं गळा धरला की चित्तेवान धावत पोचायचा, लाकडी पळीत काळविटाचं गरम रक्त धरायचा आणि ती पळी चित्त्याच्या तोंडाशी नेऊन त्याला भक्ष्यावरून उठवायचा. पुन्हा टोपी, पुन्हा गाडी.

आता गंमत अशी, की कोल्हापूरच्या त्या काळच्या गाडीवर बसलेले बरेच चित्ते देशी नव्हतेच. ते आफ्रिकेतून, केनियाकडून बोटीनं आलेले. दिव्यभानुसिंह यांनी भारतातल्या चित्त्याचा इतिहास लिहिला आहे. त्यांच्या हिशेबानं 1918 ते 1945 या काळात दोनशेच्या आसपास चित्ते आफ्रिकेतून इकडं आणले गेले, आणि आणणाऱ्यांत कोल्हापूर आणि भावनगर पुढं होते. इथल्या रानात मिळेनासे झाले म्हणून समुद्रापलीकडून विकत घ्यायचे. ज्या संस्थानात घोड्यांची पैदास व्हायची, हत्ती झुलायचे, त्या संस्थानाला घरची चित्ती एकदा व्यायला घालता येऊ नये?

पण हे दुखणं एकट्या कोल्हापूरचं नव्हतं. जहांगीर बादशहाला जनावरांच्या निरीक्षणाची भारी आवड. सारस पक्ष्याच्या जोडीचे मीलन, अंडी, पिल्लं, सगळं त्यानं टिपून ठेवलंय. त्यानंच लिहिलं आहे, की अकबरानं हजार चित्ते जमवले होते आणि त्यांच्या जोड्या लागाव्यात ही त्याची फार इच्छा होती. बागेत नर-मादी एकत्र सोडून पाहिले, काही उपयोग झाला नाही. जहांगीरच्या कारकिर्दीत एका नरानं गळपट्टा सोडवला, तो आपण होऊन मादीपाशी गेला आणि अडीच-तीन महिन्यांनी तीन पिल्लं झाली. ही गोष्ट 1613 सालच्या सुमाराची. त्यानंतर माणसाच्या ताब्यातल्या चित्तीला पिल्लं झाल्याची नोंद सापडते ती थेट 1956 साली, अमेरिकेत, फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयात. मधली साडेतीनशे वर्षं कोरडी.

माझ्यासारख्याला यात जहांगीरच्या सांगण्यातला एकच शब्द महत्त्वाचा वाटतो : आपण होऊन.

रानातली चित्ती एकटी राहते, शेकडो चौरस किलोमीटर फिरते. नर बहुधा सख्खे भाऊ, दोघं-तिघं जन्मभर एकत्र, आणि एक लहानसा मुलूख धरून. मादी माजावर केव्हा येईल याचं वेळापत्रक नाही. बाहेरून खूण जवळजवळ दिसत नाही. मुका माजच म्हणायचा. नराला तो वासावरून कळतो. मग तो अडखळत, तुटक तुटक भुंकल्यासारखा आवाज काढतो, आणि सॅन डिएगोच्या संशोधकांना असं आढळलं की हा आवाज ऐकूनच मादीचं बीज सुटायला चालना मिळते. म्हशीचं बीज निदान रेड्याची वाट पाहत नाही. गाभ तीन महिन्यांचा, पिल्लं तीन ते पाच.

चित्तेखान्यात काय होत असेल? नर आणि मादी रोज डोळ्यांसमोर, अर्धा वेळ टोपीखाली. एकमेकांची इतकी ओळख झाली की ओढ उरत नाही. दोन माद्या एकत्र ठेवल्या तर त्यांचा माजच दबतो, हेही पुढं तपासण्यांतून दिसलं. म्हणजे चित्तेवान जितका मायेनं आणि शिस्तीनं सांभाळ करायचा, तितकी पिल्लांची आशा कमी. आम्ही गोठ्यात जे चांगलं समजतो, बांधून, जवळ, नजरेखाली, ते सगळं इथं उलटं पडत होतं. दक्षिण आफ्रिकेत ॲन व्हॅन डाइक यांनी 1971 साली केंद्र सुरू केलं, तिथं नर-मादी एरवी दूर ठेवले आणि कुंपणाआडून कुणाची कुणाकडं ओढ आहे ते बघितलं, तेव्हा कुठं पाळणे हलायला लागले.

याहून मला जास्त लागली ती पकडण्याची पद्धत. पारधी चित्त्याचं पिल्लू उचलत नसत. शिकार आई शिकवते, न शिकलेलं जनावर दरबाराला नको. पाहिजे तयार, मोठा चित्ता. त्यासाठी ते माळावरचं एक ठराविक झाड शोधत, ज्याच्या बुंध्यावर चित्ते येऊन नखं घासतात, खेळतात. त्या झाडाभोवती हरणाच्या तातीचे फास मांडून ठेवायचे. आज नामिबियातल्या अभ्यासावरून कळतं, की अशी झाडं म्हणजे चित्त्यांचा चावडीवरचा फळा. नर तिथं मूत्राची खूण सोडतात, माजावर आलेली मादीही तिथं येऊन जाते. म्हणजे चारशे-पाचशे वर्षं फास नेमका सोयरिकीच्या जागेवर लागत होता. पारध्याला दोष द्यायचा नाही. त्याचं पोट त्यावर होतं आणि झाडाची त्याला जेवढी पारख होती तेवढी कुणा साहेबाला नव्हती. पण रानातून उचललेला प्रत्येक चित्ता वजाबाकीतच गेला. 1947 च्या सुमारास कोरिया संस्थानच्या महाराजांनी तीन चित्ते मारले, 1952 साली चित्ता देशातून संपल्याचं सरकारनं जाहीर केलं.

कुनोच्या राष्ट्रीय उद्यानात आता पुन्हा आफ्रिकेचेच चित्ते आलेत. 2023 च्या मार्चमध्ये तिथं चार पिल्लं झाली, त्यांतली तीन मेच्या उन्हात गेली. राहिलेली एक, मुखी नावाची, माणसांच्या हातावर वाढली आणि 2025 च्या नोव्हेंबरात तिला स्वतःला पाच पिल्लं झाली. बातमी वाचून मी बायकोला हाक मारली. ती म्हणाली, "तुम्ही काय जावईशोध लावलाय की काय?"

आमच्याकडच्या माळांवर आता ऊस आहे, आणि उसात बिबट्याची मादी खुशाल पिल्लं घालते. तिला ना एवढा मोठा मुलूख पाहिजे, ना झाड. निवृत्तीच्या आदल्या वर्षी तोड चालू असताना सरीत दोन पिल्लं सापडली म्हणून मला बोलावणं आलं. डोळे नुकते उघडलेले, पोटं भरलेली, म्हणजे आई लांब नव्हती. तपासून पिल्लं त्याच जागी क्रेटमध्ये ठेवली, टोळीला माघारी धाडलं आणि बांधावर गाडीत दिवे घालवून बसलो. साडेनऊच्या सुमाराला पाचट वाजलं. क्रेट कलंडल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं पुन्हा पाचट वाजलं, आणि टॉर्च मारला तेव्हा क्रेट रिकामं होतं.