टाकी गळाली तेव्हा

21 एप्रिल 2021, बुधवार. नाशिक महापालिकेचं डॉ. झाकीर हुसेन रुग्णालय. कोविडचे दीडशेच्या आसपास रुग्ण, बहुतेक ऑक्सिजनवर, काही व्हेंटिलेटरवर. आवारात 13 किलोलिटरची द्रव ऑक्सिजनची टाकी. बसवून महिनाही झाला नव्हता.

सकाळ.
व्हेंटिलेटर ऑक्सिजन तयार करत नाही, हे नातेवाइकांना सहसा कुणी सांगत नाही. भिंतीतल्या पाइपलाइनमधून साधारण चार बार दाबाने आलेला ऑक्सिजन तो हवेत मिसळतो आणि मोजून आत सोडतो. कोविडने सुजलेलं फुप्फुस फार फुगवायचं नाही. रुग्णाच्या उंचीवरून काढलेल्या वजनाच्या किलोमागे एका श्वासाला 6 मिलिलिटरच्या आसपास. श्वास सोडतानाही थोडा दाब राखायचा. डॉक्टर त्याला ‘पीप’ म्हणतात. तो सुटला की वायुकोश काही श्वासांतच मिटतात आणि पुन्हा उघडायला फार वेळ घेतात.

साडेबाराच्या सुमारास.
टाकीपाशी गळती. उणे 183 अंशांचा द्रव बाहेर उसळला आणि आवार पांढऱ्या धुक्यात बुडालं. ऑक्सिजन काही डोळ्यांना दिसत नाही; ते धुकं गारठलेल्या हवेतल्या बाष्पाचं. आत पाइपलाइनचा दाब उतरू लागला.

पुढची मिनिटं.
दाब गेला की खाटेमागच्या फ्लोमीटरमधली इवलीशी गोळी खाली बसते. अलार्म सगळे एकदम वाजतात. हाताने श्वास देण्याची अंबू बॅग दाबायला प्रत्येक रुग्णामागे एक माणूस हवा, आणि त्या पिशवीलाही ऑक्सिजन जोडावा लागतो; नाहीतर आत जाते ती 21 टक्क्यांची साधी हवा. ती तुम्हा-आम्हाला पुरते. मिटलेल्या फुप्फुसाला पुरत नाही. जंबो सिलिंडर लावावा, तर त्यात असतो सुमारे 7000 लिटर. हाय-फ्लो ऑक्सिजनवरचा एक रुग्ण मिनिटाला 60 लिटर घेतो. म्हणजे एका माणसाचे दोन तासही नाहीत.

एकच्या सुमारास.
बाहेर अग्निशमन दलाची धावपळ, आत सिलिंडरांची ओढाताण. अधिकाऱ्यांच्या सांगण्यानुसार पुरवठा सुमारे अर्धा तास विस्कळीत होता. ऑक्सिजन पूर्ण तुटला तर मेंदू चार-पाच मिनिटं तग धरतो.

संध्याकाळ.
मृत 22. पुढे हा आकडा 24 वर गेला.

आपलं माणूस आयसीयूत असेल तर एवढं जरूर विचारा: टाकी बंद पडली, तर राखीव सिलिंडर किती तास पुरतील?